उत्तर देणारं यंत्र, शोधणारा माणूस

१९९७ साली अमेरिकेत, आधी जानेवारीत ऑरलँडोला आणि मग मार्चमध्ये अटलांटाला, दोन परिषदांच्या व्यासपीठांवर एकच वाद झाला. एका बाजूला होते मेरिलँड विद्यापीठातले बेन श्नाइडरमन आणि दुसऱ्या बाजूला एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या पॅटी मास. संगणकाने माणसाच्या हुकमाची वाट पाहावी, की माणसाच्या सवयी ओळखून त्याची कामं स्वतःहून उरकावीत, हा प्रश्न होता. गूगल ही कंपनी तेव्हा स्थापनही झाली नव्हती. तरी आज मानवकेंद्री कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने जी चर्चा चालते, तिच्यातले बरेचसे मुद्दे त्या दोन सभागृहांत मांडले गेले होते. ते तिथे का मांडले गेले आणि पुढे त्यांचं काय झालं, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी या परिषदांविषयी थोडं. बहुतेक विज्ञानशाखांत नवं संशोधन नियतकालिकात छापून येतं. संगणकशास्त्रात मात्र ते परिषदेत येतं. निबंध कित्येक महिने आधी पाठवावा लागतो. त्या विषयातले जाणकार आपली नावं उघड न करता तो तपासतात, शंका काढतात, आणि आलेल्या निबंधांपैकी साधारण चारातला एक स्वीकारला जातो. माणूस आणि संगणक यांच्या नात्याचा अभ्यास करणारी सर्वांत मोठी परिषद म्हणजे ‘सीएचआय’. तिचं मूळ १९८२ साली मेरिलँड राज्यातल्या गेदर्सबर्गला भरलेल्या एका परिषदेत आहे, आणि ती भरवणाऱ्यांत श्नाइडरमन स्वतः होते. संगणक किती वेगाने आकडेमोड करतो हे मोजणारे लोक तेव्हा पुष्कळ होते. त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला काय होतं, तो कुठे अडतो, कुठे चुकतो, कुठे वैतागून उठून जातो, हे मोजण्यासारखं आहे असं म्हणणारे थोडे होते. गेदर्सबर्गला ते एकत्र आले.

श्नाइडरमन यांचं म्हणणं सरळ होतं. माणसाला यंत्र समजलं पाहिजे, त्याच्या वागण्याचा अंदाज आला पाहिजे, आणि त्यावर ताबा राहिला पाहिजे. त्यांच्या प्रयोगशाळेत ‘फिल्मफाइंडर’ नावाची एक प्रणाली तयार झाली होती. पडद्यावर चित्रपटांचे ठिपके मांडलेले, शेजारी सरकपट्ट्या. वर्षाची पट्टी सरकवली की काही ठिपके गळायचे, लांबीची पट्टी सरकवली की आणखी काही. निवडून उरलेल्या ठिपक्यावर टिचकी मारली की त्या चित्रपटाची माहिती उघडायची. पाहणारा हात हलवतो आणि चित्र त्याच क्षणी बदलतं, त्यामुळे कुठल्या कारणाने काय वगळलं गेलं ते त्याला कळत राहतं. यात शिफारस कोणीच करत नाही. संग्रहाचा आकार, त्यातल्या रिकाम्या जागा, दाटी झालेले कोपरे माणूस स्वतः पाहतो आणि स्वतः निवडतो.

पॅटी मास यांचा आक्षेपही तितकाच पक्का होता. हे सगळं संग्रह लहान आणि माणूस तयारीचा असेल तेव्हा ठीक आहे, असं त्या म्हणत. पण आता संगणक घराघरांत पोचतो आहे, वापरणाऱ्याला कुणी प्रशिक्षण दिलेलं नाही, माहिती रोज बदलते आणि रोज वाढते. एका माणसाने प्रत्येक गोष्टीवर डोळा ठेवायचा म्हटलं तर त्याने दुसरं काही करूच नये. तेव्हा काही कामं सोपवायला शिकलं पाहिजे. त्यांच्या गटाने ‘रिंगो’ नावाची प्रणाली केली होती. तुम्ही काही गायक-वादकांना एक ते सात गुण द्यायचे. तुमच्यासारखेच गुण देणारी माणसं ती शोधायची आणि त्यांना आवडलेलं पण तुम्ही न ऐकलेलं संगीत तुम्हाला सुचवायची. या कामावरचा उपेंद्र शारदानंद आणि मास यांचा निबंध १९९५ च्या सीएचआय परिषदेत आला. आज गाण्यांच्या आणि चित्रपटांच्या प्रत्येक ॲपमध्ये ‘तुमच्यासाठी’ म्हणून जी यादी येते, तिच्या पूर्वजांपैकी हा एक.

वाद नुसता हार-जितीचा नव्हता, हे दोघांच्याही थोरपणाचं लक्षण आहे. मास यांनी मान्य केलं की यंत्रातला हा मदतनीस चांगल्या मांडणीची जागा घेऊ शकत नाही, आणि तो नको असेल तेव्हा बंद करण्याचा हक्क माणसाकडे असलाच पाहिजे. श्नाइडरमन यांचा खरा रोख पडद्यामागे चालणाऱ्या स्वयंचलित कामावर नव्हता. माणसाचं सोंग घेऊन समोर येणाऱ्या यंत्रावर होता. यंत्राला चेहरा, नाव आणि स्वभाव दिला की चूक कोणाची हे धूसर होतं, असं त्यांचं म्हणणं. मला त्या वादातला हा सर्वांत मोलाचा मुद्दा वाटतो. पण त्यावर तेव्हा पुरेशी चर्चा झाली नाही.

त्याचा पडताळा आला तो २०२४ साली, कॅनडात. एका प्रवाशाने एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटला, घरातल्या मृत्यूमुळे करावा लागणाऱ्या प्रवासासाठी भाड्यात सवलत कशी मिळते ते विचारलं. चॅटबॉटने सांगितलं की तिकीट आधी काढा, सवलतीचा अर्ज मागाहून करता येईल. कंपनीचा नियम तसा नव्हता. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या दिवाणी तक्रारींच्या लवादाकडे गेलं, तेव्हा कंपनीच्या बचावाचा सूर असा निघाला की चॅटबॉटने दिलेल्या माहितीला कंपनी जबाबदार नाही, जणू तो स्वतःच्या कृतीला जबाबदार असलेला कुणी वेगळाच घटक होता. लवादाने ते फेटाळलं आणि प्रवाशाला सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. संकेतस्थळ कंपनीचं, तर त्यावरचा प्रत्येक शब्दही कंपनीचाच, असा निकालाचा आशय होता. रक्कम किरकोळ आहे. पण १९९७ ला अर्धवट राहिलेल्या प्रश्नाचं नि:संदिग्ध उत्तर त्यात आहे.

त्या वादातून निघालेलं सर्वांत सुंदर संशोधन दोन वर्षांनी आलं. १९९९ च्या सीएचआय परिषदेत मायक्रोसॉफ्टमधल्या एरिक हॉर्विट्झ यांनी श्नाइडरमन आणि मास या दोघांच्याही बाजू एकत्र आणणारी तत्त्वं मांडली. त्यांच्या प्रणालीचं नाव ‘लुकआउट’. तुम्ही ईमेल उघडली, तिच्यात ‘मंगळवारी दुपारी भेटू’ असं काही असलं, तर ही प्रणाली तुम्हाला आता दिनदर्शिका उघडायची असण्याची शक्यता किती ते मोजायची. शक्यता कमी असेल तर गप्प बसायची, मध्यम असेल तर विचारायची, खूप जास्त असेल तरच पुढे होऊन नोंद मांडून द्यायची. नेमका वेळ कळत नसेल तर चुकीचा वेळ ठोकून देण्याऐवजी फक्त त्या आठवड्याचं पान उघडून ठेवायची. म्हणजे काम थोडं, पण बरोबर. आणखी एक बारकावा होता. लांब पत्र वाचायला माणसाला जास्त वेळ लागतो, तेव्हा मध्येच तोंड घालू नये, म्हणून ती पत्राच्या लांबीनुसार थांबायची. जुन्या घरातल्या जाणत्या कारभाऱ्याला कुठे बोलावं आणि कुठे थांबावं हे जसं उमगलेलं असायचं, ते गणितात बसवण्याचा हा प्रयत्न होता.

याच हॉर्विट्झ यांच्या गटाच्या आधीच्या संशोधनातून मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मधला, डोळे मिचकावणाऱ्या कागदाच्या क्लिपच्या रूपात समोर येणारा मदतनीस निघाला होता. संशोधनातली बरीच सूक्ष्मता बाजारात पोचेपर्यंत गळून गेली, क्लिप वेळी-अवेळी उगवू लागली, लोक चिडले, आणि ऑफिस २००७ मध्ये ती नाहीशी झाली. परिषदेतला निबंध आणि विक्रीला आलेली वस्तू यांच्यात किती अंतर पडू शकतं, हे तिच्याकडे पाहून कळतं.

आता माहितीशास्त्राकडे वळू. संगणकवाले ‘माणसाला काय हवं आहे’ हे ओळखण्याचे मार्ग शोधत होते, पण तो प्रश्न ग्रंथालयांत त्यांच्या कितीतरी आधी विचारला गेला होता. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठातले रॉबर्ट टेलर यांनी ग्रंथपालांशी बोलून १९६८ साली एक निबंध लिहिला. वाचक ग्रंथपालाच्या टेबलाशी येतो तेव्हा त्याच्या तोंडून निघालेला प्रश्न हा त्याचा खरा प्रश्न नसतो, असं त्यांना दिसलं. आधी मनात एक अस्पष्ट हुरहूर असते. मग तिला थोडा आकार येतो. मग प्रश्न नीट शब्दांत मांडता येतो. आणि शेवटी, या ग्रंथालयात काय मिळेल याचा अंदाज घेऊन वाचक त्या प्रश्नाला कात्री लावतो आणि तोच कापलेला प्रश्न विचारतो. मधुमेहाच्या औषधाविषयी ज्याला जाणून घ्यायचं आहे तो ‘वैद्यकाची पुस्तकं कुठे आहेत’ एवढंच विचारतो. चांगला ग्रंथपाल बोट दाखवून मोकळा होत नाही. तो दोन प्रश्न विचारतो आणि वाचकाला मागे, त्याच्या मूळच्या हुरहुरीपर्यंत घेऊन जातो.

निकोलस बेल्किन यांनी पुढे १९८० मध्ये याला सिद्धान्ताचं रूप दिलं. माहिती शोधणाऱ्याच्या ज्ञानात एक उणीव असते, आणि जी गोष्ट त्याला माहीत नाही तीच त्याला नेमकेपणाने सांगता येत नाही. अडचण इथेच आहे. म्हणून शोध ही एका फटक्यात संपणारी गोष्ट नाही. शोधता शोधता प्रश्नच बदलत जातो. आपल्या रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवण्याचा. उत्तर देणाऱ्या यंत्राचं समर्थन करताना हा नियम सहज हाताशी येतो. पण रंगनाथनांनी वाचकाशी बोलून, त्याला विषय उलगडून देणाऱ्या संदर्भसेवेला ग्रंथालयाच्या कामात फार वरचं स्थान दिलं होतं. वेळ वाचवणं आणि वाचकाचा विचार कापून टाकणं या त्यांच्या लेखी अगदी वेगळ्या गोष्टी होत्या.

ही पार्श्वभूमी असेल तरच दुसऱ्या मोठ्या वादाचं वजन कळतं. २०२१ मध्ये गूगलमधले डोनाल्ड मेट्झलर आणि त्यांचे सहकारी यांनी एक प्रस्ताव मांडला. शोधयंत्राची अनुक्रमणिका, तिच्यातून कागदपत्रं निवडणं, त्यांची क्रमवारी लावणं ही सारी जुनी रचना बाजूला ठेवायची आणि तिच्याऐवजी एकच भाषा-प्रारूप ठेवायचं, जे तज्ज्ञासारखं थेट उत्तर देईल. न्याय म्हणून सांगायला हवं की अशी प्रारूपं खरं समजून बोलत नाहीत, मनचं रचून सांगू शकतात आणि आधार दाखवू शकत नाहीत, हे त्यांनी स्वतःच नोंदवलं होतं; ते दोष दूर करण्याचा कार्यक्रम म्हणूनच तो निबंध लिहिला होता.

त्याला उत्तर आलं २०२२ मध्ये, माहितीशोधातल्या माणसाच्या बाजूचा अभ्यास करणाऱ्या ‘सीएचआयआयआर’ या परिषदेत. वॉशिंग्टन विद्यापीठातले माहितीशास्त्रज्ञ चिराग शाह आणि भाषाशास्त्रज्ञ एमिली बेंडर यांनी ते लिहिलं होतं. एक मुद्दा यंत्राचा: शब्दामागून शब्द कुठला येईल हे ओळखणाऱ्या प्रणालीला अर्थ कळतो असं मानायला आधार नाही. दुसरा मुद्दा माणसाचा, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. माणूस दर वेळी उत्तर मिळवण्यासाठीच शोधत नाही. तो चाळतो, ताडून पाहतो, कोण कशाच्या आधारावर काय म्हणतं ते शिकतो, आणि आपण चुकीचा प्रश्न विचारत होतो हेही त्याला त्यातच कळतं. दहा दुव्यांची यादी समोर असेल तर एखाद्या आजाराविषयी सरकारी आरोग्यखात्याचं पान, औषधकंपनीची जाहिरात आणि कुणा रुग्णाचा अनुभव हे वेगवेगळे दिसतात. तिन्ही वितळवून एक गोड परिच्छेद केला की ते वेगळेपण नाहीसं होतं.

हे कल्पनेतलं भय नाही. त्या निबंधाच्या काही महिने आधी, २०२१ मध्येच, फिट आल्यावर काय करावं असं विचारलं असता गूगलच्या शोधपानावर ठळक चौकटीत उत्तर आलं होतं: रुग्णाला दाबून धरा, त्याच्या तोंडात काहीतरी घाला. ते उचललं होतं एका विद्यापीठाच्या आरोग्यविषयक पानावरून, आणि तिथे ती यादी ‘हे करू नका’ या मथळ्याखाली होती. मूळ पान उघडणाऱ्याला मथळा दिसला असता. चौकट वाचणाऱ्याला तो दिसण्याची सोयच नव्हती.

यंत्राने थेट उत्तर देऊच नये असं माझं म्हणणं नाही. पुण्याहून नाशिकला शेवटची गाडी किती वाजता, याला एक ओळ पुरते. पण आजार, कायदा, इतिहास, निवडणूक अशा विषयांत उत्तराबरोबर त्याचा उगम दिसला पाहिजे, वेगळी मतं दिसली पाहिजेत, आणि माणसाला मागे जाऊन प्रश्न बदलता आला पाहिजे. जी प्रणाली हे करू देत नाही ती कितीही हुशार असली तरी तिला मानवकेंद्री म्हणू नये.

एवढं झाल्यावर एक प्रश्न उरतो. केंद्रस्थानी ठेवायचा तो माणूस कोण? मेरिलँडच्या किंवा एमआयटीच्या प्रयोगशाळेत बोलावलेला विद्यार्थी म्हणजे माणूस, असं कितीतरी वर्षं न बोलता गृहीत धरलं गेलं. हे गृहीतक हादरलं २०१८ च्या फेब्रुवारीत, न्यूयॉर्कमध्ये. संगणकीय प्रणालींतला न्याय आणि उत्तरदायित्व या विषयाला वाहिलेली एक परिषद तिथे पहिल्यांदाच भरली. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी तीन कंपन्यांच्या चेहरा पाहून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या होत्या. त्यासाठी आफ्रिकेतल्या तीन आणि युरोपातल्या तीन देशांच्या संसदसदस्यांची १,२७० छायाचित्रं त्यांनी जमवली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होतं. सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. सगळ्यांची मिळून सरासरी काढली की प्रणाली उत्तम दिसते. गट वेगळे केले की ती कुणासाठी उत्तम आहे ते कळतं.

हीच परिषद २०२१ मध्ये ऑनलाइन भरली, तेव्हा नित्या संबशिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारताविषयी निबंध मांडला. न्याय्य प्रणालीच्या पाश्चात्त्य कसोट्या जशाच्या तशा इथे आणून चालणार नाही, असं त्यांनी ३६ अभ्यासक आणि कार्यकर्त्यांशी बोलून दाखवलं. आपल्याकडे एक फोन घरातली अनेक माणसं वापरतात, तेव्हा त्या फोनवरची नोंद एका व्यक्तीची मानणं मुळातच चूक आहे. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांची नोंदच नाही. आणि जात, धर्म, भाषा या आधारांवर होणारा अन्याय पाश्चात्त्य कसोट्यांच्या यादीत सापडत नाही.

मराठीचा या कथेशी थेट संबंध येतो तो इथे. आवाजावर चालणारी प्रणाली मराठीत करायची तर मराठी बोलण्याचे नमुने लागतात, आणि ते बहुतेकदा शहरातल्या शिकलेल्या मुलांकडून घेतले जातात. भारतातल्या काही संशोधकांनी ग्रामीण भागातले कमी उत्पन्नाचे लोक, शहरातले कमी उत्पन्नाचे लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा तीन गटांतल्या ३६ जणांकडून, मोबदला देऊन, १०९ तासांचं मराठी बोलणं नोंदवून घेतलं. गरीब वस्त्यांतल्या लोकांनी केलेलं काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचं निघालं. हा निबंध २०२० च्या भाषा-संसाधनांच्या परिषदेसाठी होता. महासाथीमुळे मार्सेय शहरातली ती परिषद भरली नाही, निबंध मात्र प्रसिद्ध झाला. सरकारी योजनेची चौकशी फोनवर मराठीत करणाऱ्या आजीबाईंना यंत्राने समजून घ्यावं असं वाटत असेल, तर असं काम याच्या शंभरपट व्हायला हवं.

दुसरं उदाहरण आयआयटी मुंबईचं. तिथल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने ‘स्वरचक्र’ हा कळफलक केला. व्यंजनावर बोट टेकवलं की त्याच्याभोवती चक्रासारखी बाराखडी उमटते आणि हव्या त्या स्वराकडे बोट सरकवायचं. इंग्रजी कळफलकावरच्या अक्षरांच्या जागा पाठ करण्याची गरज नाही. पहिलीत शिकलेली बाराखडी पुरते. माणसाला जे आधीच येतं त्याभोवती यंत्र उभं करायचं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. या क्षेत्रातली ‘इंटरॲक्ट’ ही आंतरराष्ट्रीय परिषद २०१७ मध्ये मुंबईला, आयआयटीतच भरली होती.

शेवटी पुन्हा ग्रंथालयाकडे. टेलर यांचा सिद्धान्त प्रयोगशाळेत जन्मला नव्हता. ग्रंथपालांनी सांगितलेल्या रोजच्या अनुभवांतून तो आला होता. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांहून अधिक आहेत. स्पर्धा परीक्षेची मुलगी, सातबाऱ्याचा कागद घेऊन आलेला शेतकरी, वडिलांच्या आजाराविषयी वाचायला आलेला माणूस काय विचारतो, कुठे अडखळतो आणि खरं त्याला काय हवं असतं, हे तिथल्या ग्रंथपालांना जितकं माहीत आहे तितकं जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला माहीत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, म्हणून ते कुठल्या परिषदेत पोचत नाही. ग्रंथपालांनी वाचकांचे प्रश्न, त्यांची नावं न लिहिता, एका वहीत नोंदवायला सुरुवात करावी, आणि आपल्या विद्यापीठांतल्या ग्रंथालयशास्त्राच्या आणि संगणकाच्या विभागांनी त्या वह्या मागून घ्याव्यात.